पंखा फिरतो, पण धूळ जाते का? कारखान्यातील हवेच्या मोजमापाचा इतिहास

१/
इतिहास म्हटले की डोळ्यांपुढे गड, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. आजच्या धाग्याचा विषय त्या मानाने अगदीच साधा आहे : कारखान्यातील घातक धूळ, धूर आणि वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा. हा पंखा कायद्यात केव्हा आला, तो खरोखर काम करतो की नाही हे जाणकाराने तपासावे असा आग्रह केव्हा धरला गेला आणि या दोहोंच्या मध्ये किती काळ गेला, याचा हा इतिहास आहे. सुरुवात उमरेडपासून करू आणि शेवटी उमरेडलाच परत येऊ.
#थ्रेड #इतिहास #विदर्भ

२/
उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४५ किलोमीटरवरचे गाव. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये त्याची ओळख हातमागाच्या, रेशीमकाठी सुती कापडाचे गाव अशी येते. पुढे येथे कोळशाची खुली खाण आली आणि एमआयडीसीही आली. म्हणजे एकाच तालुक्यात, काही पिढ्यांच्या अंतराने, माणसाच्या छातीत तीन वेगवेगळ्या गोष्टी गेल्या : आधी कापसाचे तंतू, मग कोळशाची धूळ आणि आता धातूची भुकटी. गावाचा आर्थिक इतिहास बदलत्या व्यवसायांवरून लिहिता येतो, तसा तो बदलत्या धुळीवरूनही लिहिता येईल.

३/
११ एप्रिल २०२५ रोजी सायंकाळी उमरेड एमआयडीसीतील ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यात भीषण स्फोट झाला. किमान पाच कामगारांचा जीव गेला, अनेक जण होरपळले. त्या स्फोटाचे कारण सांगणे हा या धाग्याचा हेतू नाही. ते काम चौकशी यंत्रणांचे आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखावी. मात्र त्या रात्रीपासून एक प्रश्न मनात घर करून राहिला : कारखान्यातील हवेत काय आहे, यावर लक्ष कोण ठेवते, आणि ते कधीपासून?

४/
या प्रश्नाला घरचीही एक बाजू आहे. माझे मामाजी बरीच वर्षे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याच्या कामावर होते. त्यांच्या बफिंगच्या चाकाच्या वर, भिंतीत एक मोठा पंखा बसवलेला होता. तो दिवसभर घरघरत असे. तरी संध्याकाळी घरी आल्यावर ते रुमाल झटकत तेव्हा त्यातून करडी पूड उडे. आता त्यांना जिना चढताना मध्ये थांबावे लागते. मी एकदा पंख्याबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पंखा तं होता न बाप्पा, अजून काय पाह्यजे?”
हा सगळा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

५/
आधी थोडे विज्ञान, कारण त्याशिवाय इतिहास समजणार नाही. पेटती मेणबत्ती हातभर अंतरावर धरून फुंकर मारा, ती विझते. आता तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहा. ज्योत हलतसुद्धा नाही. फुंकलेली हवा सरळ झोतात दूरवर जाते, पण ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते आणि तोंडापासून थोडे दूर गेले की तिचा जोर संपतो. धूळ ओढणाऱ्या प्रत्येक यंत्रणेचे यशापयश या एका फरकावर अवलंबून असते.

६/
१९३० च्या दशकात डॅलाव्हाले या अमेरिकन अभियंत्याने हा ऱ्हास सूत्रात बसवला. समजा, धूळ ओढणाऱ्या गोल हूडचा व्यास २० सेंटिमीटर आहे आणि त्याच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. त्या सूत्राप्रमाणे १० सेंटिमीटर अंतरावर तो वेग सुमारे २.४ मीटर उरतो, २० सेंटिमीटरवर सुमारे ०.७ मीटर आणि ४० सेंटिमीटरवर जेमतेम ०.२ मीटर. ग्राइंडिंगच्या चाकावरून सुटणारी धूळ पकडण्यासाठी किमान अडीच मीटरच्या आसपास वेग लागतो, असे या शास्त्रात मानले जाते. म्हणजे हूड वीतभर मागे सरकला, तर पंखा फिरतच राहतो, वीजबिलही येतच राहते, पण धूळ मात्र कामगाराकडेच जाते.

७/
घातक हवेची जाणीव नवी नाही. १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात ॲग्रिकोला या जर्मन विद्वानाने खाणीत हवा खेळवणाऱ्या पंख्यांची आणि भात्यांची तपशीलवार चित्रे दिली. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात अशा स्त्रिया आढळतात की ज्यांचे एकामागून एक सात नवरे धुळीने गेले, अशीही नोंद त्याने केली आहे. १७०० मध्ये इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने कारागिरांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा, असा दंडक वैद्यांना घालून दिला. म्हणजे रोग माहीत होता आणि पंखाही माहीत होता.

८/
एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफिल्ड हे सुऱ्या-काट्यांचे शहर या प्रश्नाची प्रयोगशाळा ठरले. कोरड्या दगडावर काटे घासणारे कामगार तिशीच्या आसपास मरत. १८२० च्या दशकात लोखंडाचे कण खेचून घेणारे चुंबकी साधन तेथे निघाले, पुढे धूळ ओढणारे पंखेही आले. परंतु कामगारांनीच त्यांना विरोध केला आणि काही ठिकाणी ती साधने मोडली, अशी नोंद एंगेल्सने १८४५ मध्ये केली. काम सुरक्षित झाले की माणसे वाढतील आणि मजुरी घसरेल, अशी त्यांची भीती होती. आयुष्य कमी आहे म्हणून मजुरी जास्त आहे, हा हिशेब त्यांनी मनोमन स्वीकारला होता. या माणसांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण भूक आणि आजार यांतून निवड करावी लागणाऱ्याचे ते गणित होते.

९/
१८७८ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने तपासनिसाला अधिकार दिला की, जेथे घासकामाची धूळ कामगारांच्या श्वासात घातक प्रमाणात जाते, तेथे त्याने पंखा किंवा तत्सम साधन बसवण्याचा आदेश द्यावा. हा मोठा टप्पा होता. आता पंखा मालकाच्या मर्जीवर राहिला नाही. परंतु तो पंखा किती हवा ओढतो, ती कोठून ओढतो आणि वर्षभरानंतरही तितकीच ओढतो का, हे प्रश्न अजून दूर होते. यंत्र बसले की कर्तव्य संपले, ही समजूत येथून सुरू झाली आणि ती फार दीर्घायुषी निघाली.

१०/
आता आपल्याकडे येऊ. मुंबई सरकारने १८७५ मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. त्याचा भर लहान मुलांच्या कामावर होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या : आठवड्याची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरावीक तास, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना मदत. १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी पदरात पडली. या मागण्यांत हवेचा उल्लेख नाही, याचे नवल वाटू नये. ज्याला विश्रांतीच नाही, तो आधी विश्रांतीच मागणार.

११/
याच काळात नागपुरात, जुम्मा तलावाच्या काठी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल उभी राहिली. उद्घाटन १ जानेवारी १८७७ चे. ही गिरणी आपल्या काळाच्या पुढे होती. हवेत आर्द्रता राखणारी यंत्रणा आणि आग विझवणारे स्प्रिंकलर येथे फार लवकर आले. निवृत्तिवेतनासारख्या योजनाही येथे सुरू झाल्या. मात्र आर्द्रतेची पहिली गरज सुताला होती, कारण विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात धागा सतत तुटतो. त्या ओलाव्याचा लाभ कामगारालाही होई. तरीही ओलावा देणे वेगळे आणि कार्डिंगच्या यंत्राशी उठणारी कापसाची धूळ जागच्या जागी ओढून घेणे वेगळे. हा फरक या धाग्याच्या पुढच्या भागासाठी लक्षात ठेवावा.

१२/
कापसाच्या धुळीच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. या नावाचा वापर १८७७ मध्ये एड्रियन प्रूस्त या फ्रेंच वैद्याने केला. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील. एम्प्रेस मिलचे वर्षही तेच, हा योगायोग. या रोगाची खूण चमत्कारिक आहे. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येते आणि पुढच्या दिवसांत थोडी सैल होते. लोखंड्यांनी मिळवलेल्या सुटीनेच जणू हा रोग उघडा पाडला. एक दिवस फुप्फुसाला स्वच्छ हवा मिळे आणि दुसऱ्या दिवशी ते तक्रार करी. कित्येक कामगारांनी तिला सुटीचा आळस समजून दडपले असेल, याची गणती कोठे सापडणार?

१३/
येथे एक शंका रास्त आहे : त्या काळी हवा मोजता येत होती का? खाणीत येत होती. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साचला तर क्षणात शेकडो माणसे मरतात, म्हणून तेथे हवेचा प्रवाह ठरावीक दिवसांनी मोजून नोंदवहीत लिहिण्याची शिस्त लवकर रुजली. कामठीच्या भूमिगत खाणींपर्यंत ही परंपरा आली. हवेतील धुळीचे कण मोजणारे कोनिमीटर हे साधनदेखील १९१० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत घडले. गिरणी, जिनिंग आणि पॉलिशची खोली मात्र दीर्घकाळ या शिस्तीबाहेर राहिली. झटकन मारणाऱ्या हवेला मापे मिळाली. सावकाश मारणाऱ्या हवेच्या वाट्याला नुसता पंखा आला.

१४/
मोजले की काय दिसते, याचे उदाहरण कोलारच्या सोन्याच्या खाणी. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७,६५३ कामगारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. सिलिकाच्या धुळीने फुप्फुस कायमचे कठीण करणारा हा रोग आहे. पुढे १९९० मध्ये कोलारलाच खाणकामगारांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि कालांतराने ती नागपूरला, अमरावती मार्गावरील वाडी येथे आली. विशेष म्हणजे तिचा मुक्काम ॲल्युमिनियम संशोधन केंद्राच्या आवारात होता. २०१९ मध्ये तिचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेत विलीनीकरण करण्याचा निर्णय झाला. धुळीचे ज्ञान असे उमरेडपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर येऊन बसले होते.

१५/
१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य होते. त्यांच्या या कारकिर्दीची चर्चा बहुधा कामाचे तास आणि कामगार विमा यांभोवती फिरते. याच काळात, १९४५ मध्ये, मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. पुढे त्याचाच विस्तार होऊन मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. १९६६ पासून ती तेथील वास्तूत आहे. तेथील औद्योगिक आरोग्यविज्ञानाच्या विभागाने कारखान्यातील हवा मोजण्याचे शास्त्र या देशात रुजवण्यास हातभार लावला. कायदा करणे आणि कायद्याला लागणारे ज्ञान उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या घटनाक्रमातून दिसते.

१६/
१ एप्रिल १९४९ पासून १९४८ चा कारखाना कायदा लागू झाला. त्याचे कलम १४ वाचण्याजोगे आहे. त्याचा आशय असा : धूळ किंवा धूर श्वासात जाऊ नये आणि खोलीत साचू नये यासाठी परिणामकारक उपाय करावेत. त्यासाठी एक्झॉस्ट यंत्रणा लागत असेल, तर ती धुळीच्या उगमाच्या शक्य तितकी जवळ असावी आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा. डॅलाव्हालेचे सूत्र जणू कायद्याच्या भाषेत उतरले आहे. कलम १३ खोलीतील सर्वसाधारण हवा खेळती ठेवण्यासाठी आहे, तर कलम १४ उगमाशीच धूळ पकडण्यासाठी. मामाजींच्या भिंतीवरचा पंखा फार तर पहिल्या कलमाचा होता. त्यांना गरज दुसऱ्याची होती.

१७/
“परिणामकारक” हा शब्द कायद्यात होता, पण परिणाम ठरवणार कोण? काही धोकादायक प्रक्रियांसाठी कलम ८७ खाली स्वतंत्र नियम झाले. धातूचे ग्राइंडिंग, वाळूच्या झोताने सफाई, ॲस्बेस्टॉसचे काम, ओतशाळा यांसारख्या प्रक्रिया त्यांत येतात. या नियमांत धूळ ओढणाऱ्या यंत्रणेची वेळोवेळी तपासणी सक्षम व्यक्तीकडून व्हावी, अशी कल्पना आली. परंतु “सक्षम व्यक्ती” म्हणजे नेमके कोण, याची व्याख्या मूळ कायद्यात नव्हती. इतिहासात असे अनेकदा घडते. अधिकार निर्माण होतो, अधिकारी मात्र संदिग्ध राहतो.

१८/
ही संदिग्धता दूर होण्यास भोपाळ घडावे लागले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू सुटला तेव्हा त्या कारखान्यात वायू शोषून निकामी करणारा स्क्रबर होता, वायू जाळून टाकणारा मनोरा होता, टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणाही होती. शीतयंत्रणा बंद केलेली होती, मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता आणि स्क्रबर त्या लोंढ्यापुढे निष्प्रभ ठरला. साधन असणे आणि साधन चालणे यांतील अंतर किती माणसे गिळू शकते, याचा याहून भयंकर पुरावा नाही.

१९/
१९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले. हवेतील रसायनांच्या आणि धुळीच्या कमाल मर्यादांची अनुसूची जोडली. आसन्न धोका दिसल्यास कामगाराला तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क दिला. आणि “सक्षम व्यक्ती”ची व्याख्या केली : मुख्य निरीक्षकाने शिक्षण, अनुभव आणि उपलब्ध साधने पाहून मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था. धूळ ओढणाऱ्या यंत्रणेसाठी आदर्श नियमांत अभियांत्रिकीची पदवी, अशा यंत्रणांच्या आराखड्याचा, उभारणीचा आणि चाचणीचा अनुभव, तसेच मोजमापाची उपकरणे अपेक्षित धरली. केवळ सही करणारा हात पुरेसा नाही, हे कायद्याने मान्य केले.

२०/
मग जाणकाराची तपासणी कशी असते? पहिली पायरी डोळ्यांची : हूड जागेवर आहे का, डक्टला भोक पडले आहे का, पट्टा सैल झाला आहे का, फिल्टरच्या पिशव्या फाटल्या आहेत का. दुसरी मोजमापाची : हूडच्या तोंडाशी ॲनिमोमीटरने हवेचा वेग, डक्टच्या आत पिटोट नळीने दाब आणि वेग, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक. पिटोट नळी मूळची १७३२ ची, पॅरिसच्या सीन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी बनवलेली. डक्टमधला वेगही महत्त्वाचा असतो. जड धूळ वाहून नेण्यासाठी तो सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो, नाहीतर धूळ वाटेतच बसते आणि डक्ट हळूहळू तुंबतो.

२१/
तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची : प्रत्यक्ष काम सुरू असताना धूळ नेमकी कोठे जाते, हे पाहणे. घरात कवडसा पडला की हवेतले कण चमकताना दिसतात आणि कवडसा सरला की नाहीसे होतात. धूळ असतेच, फक्त दिसत नाही. तपासनीस प्रखर दिव्याने असा कृत्रिम कवडसा कामगाराच्या नाकासमोर निर्माण करतो. जेथे ज्वालाग्राही धूळ वा वाफ नाही, तेथे धुराच्या नळीने प्रवाहाची दिशाही पाहतो. शेवटी सर्व आकडे यंत्रणा नवी असतानाच्या आकड्यांशी ताडून पाहतो. मूळ आकडाच नोंदलेला नसेल, तर आजचा आकडा मुका राहतो.

२२/
ब्रिटनमध्ये १९८८ च्या घातक पदार्थ नियंत्रण नियमांनी ही शिस्त बहुतेक सर्व उद्योगांना लागू केली. अशा यंत्रणेची सखोल तपासणी आणि चाचणी किमान दर १४ महिन्यांनी व्हावी आणि तिची नोंद पाच वर्षे जपावी, असा दंडक आहे. १८७८ च्या कायद्यात पंखा बसवण्याचा आदेश देण्याचा अधिकार होता आणि त्यानंतर तब्बल ११० वर्षांनी ही सर्वव्यापी चाचणी आली. मधल्या काळात तेथेही काही मोजक्या उद्योगांनाच तपासणीची सक्ती होती. भारतातला प्रवास १९४८ ते १९८७ असा, म्हणजे ३९ वर्षांचा. पंखा विकत घेता येतो. त्याच्यावर शंका घेण्याची सवय मात्र रुजवावी लागते आणि तिला पिढ्या लागतात.

२३/
नोंदी का जपायच्या? १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवावी, असा आदेश दिला. कारण ॲस्बेस्टॉसचा रोग दशकांनंतर प्रकट होतो. आपण इतिहासाचे विद्यार्थी मोडी दफ्तरासाठी दिवसेंदिवस अभिलेखागारात बसतो. धुळीच्या रोगाच्या खटल्यात असेच दफ्तर लागते, आणि ते नसेल तर मरणाऱ्याची बाजू अलिखित राहते.

२४/
धातूच्या भुकटीच्या बाबतीत हयगयीची किंमत दशकांनी नव्हे, क्षणात मोजावी लागते. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार मेले. तेथे धूळ ओढणारी यंत्रणा होती. ती वेळेवर साफ न केल्याने धूळ साचत गेली, असे सरकारी चौकशीत निघाले. जी यंत्रणा रक्षणासाठी बसवली, तीच दुर्लक्षामुळे स्फोटकाचे कोठार झाली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३७ स्फोटक धुळीबद्दल नेमके हेच बजावत असे : धूळ बंदिस्त करा, साचू देऊ नका आणि ठिणगीपासून दूर ठेवा.

२५/
२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे, ही जमेची बाजू. त्याच वेळी विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्या मूळ केंद्रीय कायद्यातील १० वरून २० झाली आहे. मामाजींच्या खोलीत बारा माणसे होती. नव्या रचनेत अशा खोल्यांतील हवेचे मोजमाप कोण करील, हे पुढच्या काळाच्या इतिहासकाराने पाहण्यासारखे आहे. मला विचाराल तर आजच्या अभ्यासकानेही पाहावे.

२६/
मागच्या महिन्यात मी मामाजींना हे सारे सांगितले. हूड चाकाच्या वीतभर अंतरात हवा होता, भिंतीवरचा पंखा उलट धूळ त्यांच्या तोंडावरून ओढून नेत असावा, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “मंग कोनी मोजलं काहून नाही?” मी त्यांना १८७८, १९४८ आणि १९८७ ही वर्षे सांगू शकलो. त्यांच्या खोलीत कोणी का आले नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

२७/
आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, ताई, दादा बुटीबोरीला, हिंगण्याला, उमरेडला, चाकणला, तळोज्याला कारखान्यांत जातात. घरी त्यांना पाच प्रश्न विचारून पाहा. धूळ ओढणारी यंत्रणा शेवटची केव्हा तपासली? कोणी तपासली? कोणत्या उपकरणाने? आकडा काय आला? आणि यंत्रणा नवी होती तेव्हाचा आकडा काय होता? पाचही उत्तरे मिळाली, तर समजावे की तेथे कोणी आपले काम नीट करीत आहे. उत्तर नुसते “पंखा आहे” एवढेच आले, तर समजावे की आपण अजून १८७८ मध्येच आहोत.

धागा समाप्त. तपशिलात कोठे चूक आढळल्यास अवश्य सांगावे, दुरुस्ती करीन. आणि आपल्या घरातल्या कोणाची गिरणीची, जिनिंगची, पॉलिशच्या कामाची आठवण असेल, तर ती खाली जरूर लिहा. अशा आठवणींचे दफ्तर अजून कोठेच नाही.